कराची ते मुंबई : ८७५ किलोमीटरचा इतिहास

या मालिकेत आपण घाटवाटा, बंदरं, आगगाड्या यांच्याविषयी बरंच बोललो. आज आकाशातली वाट घेतली आहे, आणि तीही एकच.

सुरुवातीला एक छोटा उद्योग करू. हे व्याख्यान ऐकता ऐकता मोबाइल उघडा. दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणारी गणकयंत्रं इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यात एकीकडे कराची घाला, दुसरीकडे मुंबई. उत्तर येईल, अंतर सुमारे ८७५ किलोमीटर, वेळ साधारण दीड तास. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जायला लागतो त्याहून कमीच. यातला पहिला आकडा पक्का आहे. दुसराही चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त त्याचा आज काही उपयोग नाही, कारण या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही.

मग हे दीड तास आले कुठून? गणकयंत्र काय करतं, तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतं, पृथ्वीच्या गोलावरचा सगळ्यात जवळचा कंस काढतं, त्याला जेट विमानाच्या वेगानं भागतं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर धरतं. झालं. या हिशेबात वारा नाही, पाऊस नाही, वाटेत कुठे पेट्रोल मिळेल का हा प्रश्न नाही आणि मुख्य म्हणजे सरकार नाही. इतिहासाच्या माणसाचं काम नेमकं त्या गाळलेल्या गोष्टींशी असतं. म्हणून आज आपण असं बघणार आहोत की हे ८७५ किलोमीटर गेल्या शंभर वर्षांत जागचे हलले नाहीत, तरी ते ओलांडायला लागणारा वेळ कधी दोन दिवस, कधी सात तास, कधी दीड तास आणि आज हा असा, उत्तर नसलेला, कसा झाला.

आधी ती रेघच जरा डोळ्यांसमोर आणू. मुंबईहून वायव्येला निघायचं. सुरुवातीला समुद्र. मग दीवच्या बाजूला सौराष्ट्राचा किनारा लागतो. सौराष्ट्र तिरकं ओलांडलं की कच्छचं आखात, त्यापलीकडे मांडवी बंदराचा परिसर, मग कच्छचा पश्चिम कोपरा, नंतर खाड्या आणि चिखलाचा प्रदेश, सिंधू नदीची मुखं, आणि कराची. या चिखलाच्या प्रदेशातच ती प्रसिद्ध सर क्रीक आहे. भारत-पाकिस्तान सागरी सीमेचा वाद तिथे अजून भिजत पडला आहे. हा वाद ज्या कागदावर उभा आहे, तो कागद म्हणजे मुंबई सरकारचा १९१४चा ठराव. कच्छचे राव आणि सिंध यांच्यातल्या हद्दीचा निवाडा मुंबईच्या सेक्रेटरिएटने केला होता. मुंबईचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध असा की सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता.

ही गोष्ट आपण मराठी माणसं फार लवकर विसरलो. इंग्रजांनी १८४३ साली सिंध घेतला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. तिथपासून १ एप्रिल १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं, कराची आणि मुंबई एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होती. रत्नागिरीचा कारकून बदली होऊन कराचीला जाई, तसा पुण्याचा मास्तरही जाई. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल नावाची जुनी सरकारी शाळा आहे. मूळ शाळा १८५५ची. सिंधच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या एका मराठी माणसाचं नाव तिथे आजही चालू आहे. लोक ‘एनजेव्ही’ म्हणतात, त्यातला ‘व्ही’ वैद्यांचा हे बहुतेकांना माहीत नसेल, ते सोडून द्या. कराचीत आजही काही मराठी कुटुंबं राहतात.

तर त्या काळी मुंबईहून कराचीला जायचं कसं? सोपा रस्ता समुद्राचा. आगबोटीला हे पाचशे सागरी मैलांचं अंतर कापायला दोन दिवसांच्या आसपास लागत. दुसरा रस्ता रेल्वेचा, पण तो उलटा वळसा होता. मध्ये कच्छचं रण, तिथून रूळ न्यायचे कसे? म्हणून गाडी अहमदाबादेवरून वर मारवाडात, तिथून थरच्या वाळवंटातून मीटर गेजने सिंधमधल्या हैदराबादला आणि मग खाली कराचीला. दीड हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. नकाशावर दोन शहरं शेजारी, आणि तिकिटावर लांबच लांब.

आता विमानांकडे येऊ. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी टपालाची आणि प्रवाशांची सेवा सुरू केली. ‘विमानसेवा’ म्हटलं जायचं खरं, पण ती ऐकण्यासारखी आहे. लंडनच्या क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत. तिथे उतरून रेल्वेने आल्प्स पार करून इटलीतल्या जिनोआला. तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रियाला. मग पुन्हा चाकांच्या विमानाने बगदाद, बसरा, इराणचा किनारा धरून ग्वादर आणि कराची. एकूण सात दिवस, भाडं १३० पौंड. मध्येच रेल्वे का? तर फ्रान्सकडून येणाऱ्या विमानांना आपल्या हद्दीत शिरू द्यायला इटली तयार नव्हता. एवढंच कारण. इंजिनाचा दोष नव्हता, डोंगरही आड आला नव्हता. परवानगी नव्हती, म्हणून साहेब लोक बॅगा घेऊन आगगाडीत बसत.

इथे जरा थांबून एक कायद्याचा मुद्दा सांगतो, तो पुढे सारखा लागणार आहे. समुद्रात किनाऱ्यापासून दूर गेलं की पाणी सगळ्यांचं, ही समजूत जुनी आहे. आकाशाचं तसं ठरलं नाही. पहिल्या महायुद्धात वरून बॉम्ब पडताना लोकांनी पाहिले होते. त्यामुळे १९१९च्या पॅरिस कराराने ठरवलं की देशाच्या जमिनीवरचं आकाशही त्या देशाचंच. १९४४च्या शिकागो कराराने हेच तत्त्व पहिल्या कलमात घातलं. आजची सगळी नागरी विमानवाहतूक त्याच करारावर चालते. म्हणजे विमानाची वाट ही मुळात जमीनमालकाच्या शेतातून जाणारी पायवाट आहे. तो जाऊ देतो तोवर ती वाट.

याचा पुढचा मासला इराणने दाखवला. १९३२ साली इराणने आपल्या किनाऱ्यावरून जायची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. इम्पीरियलला सगळे थांबे आखाताच्या अलीकडे, अरबस्तानच्या बाजूला आणावे लागले : कुवेत, बहारीन, शारजा. शारजाला धावपट्टी आणि प्रवाशांसाठी किल्ल्यासारखं विश्रामगृह उभं राहिलं, आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये तिथे पहिलं विमान उतरलं. शारजा आणि ऑक्टोबर १९३२, दोन्ही लक्षात ठेवा, दोघांशी पुन्हा गाठ पडणार आहे.

पण हिंदुस्थानचं प्रवेशद्वार कराची का? मुंबई का नाही? एक कारण हवामान. कराची कोरडी, जमीन सपाट, पाऊस नाममात्र. आपल्याकडे जुलैत काय असतं ते सांगायला नको. दुसरं कारण भूगोलाचं, आणि ते आम्हाला स्वतःला फार गमतीचं वाटलं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. तो दोरा कराचीवरून जातो. जवळून नव्हे, जवळपास डोक्यावरूनच. मुंबई–कराची ८७५, कराची–लंडन सुमारे ६,३४०, आणि मुंबई–लंडन थेट सुमारे ७,२१५. बेरीज करून पाहा. म्हणजे लंडनला जाताना कराचीला थांबलं तर एका किलोमीटरचाही फरक पडत नाही. १९२९ची विमानं हा दोरा धरून उडत नव्हती, ती किनारा धरून उडत होती, पण तीही येऊन पोचली कराचीलाच.

आणि नुसती विमानंच नाहीत. कराचीच्या द्रिघ रोडला इंग्रजांनी एक अजस्र शेड बांधली होती, आर-१०१ नावाच्या हवाई जहाजासाठी. हे हवाई जहाज इंग्लंडहून कराचीला यायचं होतं. ते ५ ऑक्टोबर १९३० रोजी पहिल्याच प्रवासात फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं, ४८ माणसं गेली, आणि ब्रिटिशांनी हवाई जहाजांचा नादच सोडला. शेड मात्र पुढे कित्येक वर्षं रिकामी उभी होती. कराचीकर तिला ‘काला छपरा’ म्हणत.

लंडनची पत्रं तर कराचीपर्यंत विमानाने आली. पुढे काय? मुंबई-मद्रासकडची पत्रं तिथून पुन्हा आगगाडीत. सात दिवस विमानाने आलेलं पत्र मारवाडातून डुलत डुलत येणार. ही फट टाटांनी हेरली. नेव्हिल विन्सेंट नावाच्या वैमानिकाने टपालसेवेची कल्पना मांडली, जे. आर. डी. टाटांनी ती उचलली, आणि सरकारशी पत्रव्यवहारात तीन वर्षं गेली. करार एप्रिल १९३२ मध्ये झाला, तोही सरकारने अनुदानाचा पैसा द्यायचा नाही या अटीवर.

साधनसामग्री किती होती? एक इंजिनाची दोन पस मॉथ विमानं, जुहूला झापांची एक शेड आणि हाताखाली मोजकी माणसं. जुहूचा विमानतळ १९२८चा, समुद्राला लागून असलेली खारजमीन. पावसाळ्यात तिथे पाणी साचे, म्हणून पावसाळ्याचे महिने सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर. मुंबईचं विमान पुण्याला उतरतंय, असा तो काळ. सेवा सुरू व्हायचा मुहूर्तसुद्धा पावसाने महिनाभर पुढे ढकलला.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी द्रिघ रोडहून पस मॉथ उचललं. वय २८. मागे सुमारे २५ किलो टपाल. रेडिओ नाही, दिशा सांगणारं जमिनीवरचं कुठलं साधन नाही. खिशात हिशेबाची सरकपट्टी. सरळ रेघेने आले का? नाही. ते आधी अहमदाबादला गेले. कराची–अहमदाबाद साधारण ५९०, अहमदाबाद–जुहू साधारण ४४०, म्हणजे सरळ रेघेपेक्षा दीडशे किलोमीटर जास्त. कारण उघड आहे, टाकीत तेवढं पेट्रोल मावत नव्हतं, आणि अहमदाबादचं टपालही द्यायचं होतं. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आलं, चार-चार गॅलनच्या डब्यांतून. ते डबे एकेक करून टाकीत ओतले. विमानाचं इंधन बैलांनी ओढत आणायचं, यात त्या काळी कुणाला काही विनोदी वाटलं नसणार. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासचं टपाल विन्सेंट घेऊन गेले.

सव्वासात तास. ‘कराची ते मुंबई उड्डाणाची वेळ’ या प्रश्नाचं १९३२चं उत्तर हे आहे. पस मॉथचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. हिशेब केला तर प्रत्यक्ष हवेत साडेसहा तासांच्या आत-बाहेर आणि बाकीचा वेळ त्या बैलगाडीचा.

इथे एक खोडी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही १ वाजून ५० मिनिटं कुठल्या घड्याळातली? मुंबई शहराने ‘स्टँडर्ड टाइम’ मनापासून कधी स्वीकारलाच नव्हता. रेल्वे आणि तारखातं स्टँडर्ड टाइमवर, आणि शहर ‘बॉम्बे टाइम’वर, ३९ मिनिटं मागे. हा घोळ १९५५ पर्यंत चालला. तेव्हा ही वेळ स्टँडर्ड टाइमची धरली, तर जुहूला उभा असलेला एखादा पक्का मुंबईकर खिशातलं घड्याळ बघून म्हणाला असता, छे, अजून एक वाजून अकराच झालेत!

या प्रवासाविषयी लिहिताना ‘भारतीय विमानवाहतुकीचा जन्म’ असं हमखास लिहिलं जातं. ते ठीकच आहे. पण आमच्या मते दुसरी गोष्ट जास्त लक्षात घेण्यासारखी आहे. कराची, अहमदाबाद आणि मुंबई, त्या दिवशीचे तिन्ही थांबे मुंबई इलाख्यातले होते. ही प्रांताअंतर्गत सेवा होती! जेआरडींना कुणाची हद्द ओलांडायची परवानगी मागावी लागली नाही. पहिल्या वर्षात या दोन-तीन विमानांनी १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी नेले. प्रवासी म्हणजे काय, टपालाच्या पोत्यांच्या शेजारी जागा उरली तर बसायचं.

जेआरडींना ही वाट नवी नव्हती. दोन वर्षं आधी, १९३० साली, आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधला प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले, आणि अस्पी इंजिनिअर नावाचा १७ वर्षांचा मुलगा लंडनहून कराचीकडे. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून बसला होता, इंजिनाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि जवळ जादा नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. अस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. पुढे अस्पी आधी पोचला आणि बक्षीस त्याला मिळालं. हाच अस्पी १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. इंजिनिअर घराण्यात वैमानिक बरेच. यातल्या एका भावाची आठवण आपल्याला थोड्या वेळाने काढावी लागणार आहे.

१९३६ला सिंध वेगळा प्रांत झाला, आणि अकरा वर्षांनी वेगळा देश. सिंधी हिंदूंचं जे स्थलांतर झालं त्यातली फार मोठी संख्या कराचीहून मुंबईला बोटीने आली. विमानं होती, पण ती किती जणांना पुरणार? आणि तिकीट कुणाला परवडणार? त्यातले हजारो लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. कराची-मुंबई अंतराची गोष्ट तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकावी, ती किलोमीटरमध्ये नसते.

८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. कराची त्यात नाही. लॉकहीड कॉन्स्टेलेशनची झेप इतकी मोठी होती की मुंबईच्या विमानाला कराचीत पेट्रोल भरायची गरज उरली नव्हती. म्हणजे राजकारणाने वाट बंद करायच्या आधी तंत्रज्ञानाने कराचीचा थांबा अनावश्यक केला होता. परदेशी कंपन्यांसाठी मात्र पन्नासच्या दशकात कराची हे पूर्वेकडचं मोठं ठाणं होतं. आणि मुंबई–कराची प्रवास? डाकोटा विमान ताशी २७० किलोमीटरच्या आसपास जाई, म्हणजे सव्वातीन-साडेतीन तास. १९३२च्या निम्म्याहून कमी.

मग १९६५.

आपण सुरुवातीला जी रेघ काढली, ती मांडवीवरून कच्छच्या पश्चिम कोपऱ्याकडे जाते असं म्हटलं होतं. त्या कोपऱ्यात सुथरी नावाचं गाव आहे. १९ सप्टेंबर १९६५ रोजी, युद्ध संपायच्या अगदी तोंडावर, गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता एका छोट्या बीचक्राफ्ट विमानातून कच्छच्या सीमेकडे निघाले होते. बरोबर त्यांच्या पत्नी, तीन सहकारी आणि एक पत्रकार. विमान चालवत होते जहांगीर इंजिनिअर, अस्पी इंजिनिअर यांचे भाऊ, हवाई दलात नोकरी केलेले. कराचीजवळच्या मौरीपूर तळावरून उठलेल्या पाकिस्तानी सेबर विमानाने त्यांना गाठलं. इंजिनिअर यांनी पंख हलवून खूण केली, की आम्ही नागरी विमान आहोत. सेबरच्या वैमानिकाने जमिनीवरच्या नियंत्रकाला विचारलं. उत्तर आलं, पाडा. आठही जण सुथरीजवळ मरण पावले.

सेबर चालवणारे कैस हुसेन तेव्हा अगदी तरुण होते. हे टेहळणीचं विमान आहे असं त्यांना सांगितलं गेलं होतं, आणि आत कोण होतं ते त्यांना नंतर कळलं. ४६ वर्षांनी, २०११ साली, त्यांनी जहांगीर इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून खेद व्यक्त केला. मुलीचं उत्तरही आलं, आणि त्यात कडवटपणा नव्हता. ज्या वाटेवर १९३२ मध्ये पत्रं नेण्यासाठी विमान सुरू झालं, त्या वाटेचं हेही एक पत्र.

१९६५ नंतर रेल्वे तुटली, मुंबई-कराची बोटी बंद झाल्या. १९७१ साली तर आकाश पूर्ण मिटलं. ३० जानेवारीला इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेलं गेलं आणि तिथे जाळलं गेलं. भारताने लगेच पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायला मनाई केली. याचा परिणाम मुंबईवर फारसा नव्हता, कराची-ढाका वाटेवर होता. सरळ अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. आता विमान सगळा भारत वळसा घालून, कोलंबोला थांबून जाणार. जवळपास दुप्पट. एकाच देशाचे दोन भाग, आणि त्यांच्यातलं अंतर एका आदेशाने दुप्पट झालं. पाकिस्तानने हे प्रकरण आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेत नेलं, तिथून ते हेगच्या न्यायालयात गेलं. न्यायालयाचा निकाल ऑगस्ट १९७२मध्ये आला. तोपर्यंत बांगलादेश झालेला होता.

१९७६ साली दोन्ही देशांत विमानं पुन्हा सुरू झाली. आता जेट आलं होतं, आणि गणकयंत्र सांगतं तो दीड तास या काळात खरा होता. विमान वर चढलं, नाश्ता वाटला, गोळा केला, की उतरायची घोषणा. पाकिस्तानचं घड्याळ अर्धा तास मागे, म्हणून मुंबईहून जाताना घड्याळाप्रमाणे तासाभरातच पोचायला होई. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२पासून पुन्हा बंदी, १ जानेवारी २००४ला पुन्हा सुरू. त्यानंतरच्या दशकात मुंबई–कराची सेवा बंद पडली, ती पडलीच. २०१९च्या ऑगस्टमध्ये थर एक्सप्रेसही थांबली.

मग आज कुणाला जायचंच असेल, व्हिसा मिळाला असेल असं धरून चालू, तर नेहमीची वाट दुबईवरून. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–कराची सुमारे १,१९०. एकूण ३,१२०. साडेतीन पट. हवेत पाच तासांच्या आसपास, आणि मध्ये दुबईच्या विमानतळावर बसणं वेगळं. सगळं धरून सव्वासात तास सहज ओलांडतात. म्हणजे पस मॉथ आणि बैलगाडी लवकर पोचत होती. शारजा लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. इराणने नाही म्हटलं म्हणून लंडन-कराचीच्या वाटेवर जो थांबा आला, त्याच्या शेजारच्याच गावात आज मुंबई-कराचीचा प्रवासी विमान बदलतो, आणि तेही शेजाऱ्यांनी एकमेकांना नाही म्हटलं म्हणून.

आणि तो दोरा? मुंबई–लंडन दोरा अजून कराचीवरूनच जातो. २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसला, असं सरकारने राज्यसभेत सांगितलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांसाठी. मग महिन्यामहिन्याने मुदत वाढत गेली. बंदी एकमेकांच्या विमानांना आहे, तिऱ्हाइताच्या नाही. त्यामुळे गंमत अशी झाली की एकाच धावपट्टीवरून एकाच गावाला निघालेल्या दोन विमानांचं अंतर वेगळं भरतं. परदेशी कंपनीचं विमान सिंधवरून सरळ जाऊ शकतं, आपलं विमान आधी अरबी समुद्रावर पश्चिमेला जातं आणि मग वर वळतं. तिकीट काढताना वेळेच्या रकान्यात फरक दिसला तर विमान कुणाच्या मालकीचं आहे ते बघा.

जेआरडींनी ती पहिली वाट आयुष्यात पुन्हा दोनदा जाणूनबुजून उडवली. १५ ऑक्टोबर १९६२ला, तीस वर्षं झाली म्हणून, आणि १५ ऑक्टोबर १९८२ला, पन्नास वर्षं झाली म्हणून. दुसऱ्या वेळी त्यांचं वय ७८ होतं. दोन्ही वेळा जुन्याच बनावटीचं लेपर्ड मॉथ विमान, दोन्ही वेळा कराचीहून मुंबई. १९६२ आणि १९८२, म्हणजे मध्ये दोन युद्धं होऊन गेली होती, तरी निघायचं ठिकाण कराचीच ठेवता आलं.

१५ ऑक्टोबर २०२१ला आरोही पंडित या मुंबईच्या वैमानिक मुलीने जीपीएस न वापरता, छोट्या विमानातून, तोच प्रवास पुन्हा केला. अहमदाबादला उतरून पेट्रोल घेतलं, मग जुहू. निघाली मात्र भुजहून. १९७१च्या युद्धात बॉम्बने फुटलेली जी धावपट्टी माधापरच्या बायकांनी ७२ तासांत पुन्हा बांधून दिली होती, त्या धावपट्टीवरून.

आता प्रश्न घेऊ.